साठ मशिने, साठ तऱ्हा: अपडेट बंद करावे की सरसकट करावे?

प्रश्न: सप्रेम नमस्कार. बाणेरच्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत मी सर्व्हरची व्यवस्था पाहतो. चाकण, रांजणगाव आणि भोसरी येथील ग्राहकांच्या कारखान्यांत आमची छोटी लिनक्स मशिने बसवलेली आहेत. ती उत्पादनाची माहिती गोळा करतात. काही सर्व्हर क्लाउडच्या मुंबई विभागात आहेत. सगळी मिळून साठेक मशिने होतात. बहुतेकांवर उबुंटू २२.०४ किंवा २०.०४, काहींवर डेबियन १२ आणि दोन जुन्या मशिनांवर सेंटओएस ७ आहे (ही सारी लिनक्सचीच वितरणे). गेल्या महिन्यात सकाळी साडेसहाच्या सुमारास काही मशिनांवर पोस्टग्रेस (डेटाबेसचे सॉफ्टवेअर) आपोआप अपडेट होऊन रीस्टार्ट झाले, आमच्या ॲप्लिकेशनचा डेटाबेसशी संपर्क तुटला आणि पहिल्या पाळीची नोंदच झाली नाही. तेव्हापासून साहेबांनी सगळीकडचे आपोआप अपडेट बंद करायला लावले आहे. माझ्या सहकाऱ्याचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे: सगळीकडे रोज ताजी आवृत्ती टाकावी, म्हणजे मशिनामशिनांत फरकच उरणार नाही. मी सध्या लॅपटॉपवरून एसएसएचचा लूप (दुरून एकेका मशिनवर लॉगिन करून तीच आज्ञा देणारी स्क्रिप्ट) चालवून काम भागवतो. त्यातच एका ग्राहकाच्या ऑडिटरने २२.०४ वरील ओपनएसएसएच ८.९ (एसएसएचचे सॉफ्टवेअर) धोकादायक असल्याचा अहवाल पाठवला आहे, आणि मी तर त्या मशिनांवरची सगळी अपडेट केली होती. कोणाचे खरे मानावे? — एक वाचक, कोथरूड

उत्तर: सप्रेम नमस्कार. आपले साहेब आणि आपला सहकारी या दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, परंतु दोघांपैकी कोणाचाही उपाय आपण स्वीकारू नये असे माझे स्पष्ट मत आहे. अपडेट बंद केल्यावर पहिले काही आठवडे सगळे सुरळीत चालल्यासारखे वाटते. मग एखाद्या दिवशी गंभीर त्रुटी जाहीर होते, ती बुजवायला निघाल्यावर तिच्यामागे साचलेली शंभराहून अधिक पॅकेजे (सॉफ्टवेअरचे बसवण्याजोगे संच) एकाच रात्री बदलावी लागतात, आणि सकाळी काही बिघडलेच तर त्यांतल्या नेमक्या कोणत्या बदलामुळे बिघडले हे कोणालाही सांगता येत नाही.

सरसकट ताज्या आवृत्तीचा धोका २९ मार्च २०२४ रोजी सर्वांसमोर आला. त्या दिवशी आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या अभियंत्याने जाहीर केले, की एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम चोरवाट घालण्यात आली आहे. एसएसएचने लॉगिन होताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्या शंकेचा त्यांनी पिच्छा पुरवला होता. त्या आवृत्त्या डेबियनच्या चाचणी आणि अस्थिर शाखांत पोहोचल्या होत्या. डेबियनच्या स्थिर शाखेत आणि उबुंटूच्या प्रकाशित झालेल्या आवृत्त्यांत त्या आलेल्या नव्हत्या. म्हणजे सर्वांत नवे तेच सर्वांत सुरक्षित, हे गृहीत धरून चालता येत नाही. त्या आठवड्यात प्रत्येक कंपनीत एकच प्रश्न विचारला जात होता: आपल्या कोणत्या मशिनवर एक्सझेडची कोणती आवृत्ती आहे? हा प्रश्न आज आपल्याला कोणी विचारला, तर उत्तर द्यायला किती वेळ लागेल याचा विचार करावा.

मला जे सांगायचे आहे ते असे, की कोणत्या मशिनवर कोणती आवृत्ती असावी याचा निर्णय मशिनवर होऊ देऊ नये, आणि तो कोणाच्या लॅपटॉपवरही राहू नये. तो निर्णय आपल्या ताब्यातील एका पॅकेजसंग्रहात, लेखी स्वरूपात व्हावा आणि सर्व मशिनांनी तिथूनच पॅकेजे उचलावीत. हे एकदा बसले की आपोआप होणारे अपडेट सुरू ठेवायलाही हरकत उरत नाही.

आधी त्या साडेसहाच्या घटनेकडे वळू, कारण साहेबांचा आदेश तिच्यातूनच आला आहे. उबुंटू सर्व्हरवर ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ ही सेवा मुळातच चालू असते आणि सुरक्षाविषयक अपडेट स्वतःहून टाकते. तिला जागे करणारा सिस्टीमडीचा (लिनक्सवरील सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेचा) टायमर रोज सकाळी सहाला लावलेला असतो आणि त्यात साठ मिनिटांपर्यंतचा यादृच्छिक विलंब मिसळलेला असतो, म्हणजे प्रत्यक्षात ती सहा ते सातच्या दरम्यान केव्हाही चालते. कारखान्यांत नेमकी तीच वेळ पाळी बदलण्याची असते. पोस्टग्रेसचे पॅकेज बदलले की डेटाबेसची सेवा थांबून पुन्हा सुरू होते. तो बिघाड नसून त्या पॅकेजचे ठरलेले वर्तन आहे. १४ वरून १५ अशी मोठी उडी येथे होत नाही, कारण पोस्टग्रेसच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीचे पॅकेज वेगळ्या नावाचे असते. येते ती किरकोळ आवृत्ती, आणि ती टाकायलाच हवी असते. येथे खरे दोष दोन आहेत. वेळ आपण ठरवलेली नव्हती, हा पहिला. डेटाबेस क्षणभर गेल्यावर आपले ॲप्लिकेशन पुन्हा जोडले गेले नाही, हा दुसरा आणि अधिक गंभीर. वीज गेली, केबल निघाली, डिस्क अडखळली, तरी हेच घडेल. पुन्हा जोडणी करण्याची आणि तोवर नोंदी स्थानिक फाइलीत साठवून ठेवण्याची सोय ॲप्लिकेशनमध्ये करणे हे आवृत्तींच्या व्यवस्थापनाइतकेच तातडीचे काम समजावे, आणि साहेबांना हे स्वच्छ शब्दांत सांगावे.

आता कामाला सुरुवात यादीपासून करावी. प्रत्येक उबुंटू व डेबियन मशिनवरून ‘डीपीकेजी-क्वेरी’ने (डीपीकेजी म्हणजे तिथे पॅकेजे बसवणारे मूळ साधन) पॅकेजचे नाव, आवृत्ती आणि आर्किटेक्चर असे तीन रकाने काढावेत, सेंटओएसवर हेच काम ‘आरपीएम -क्यूए’ करते. प्रत्येक मशिनची एक मजकूर-फाइल गिटमध्ये (फाइलींतील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) रोज साठवावी. मग कालच्या आणि आजच्या फाइलींतील फरक पाहिला की कोणत्या मशिनवर काय बदलले ते समोर येते, आणि दोन मशिनांच्या फाइली शेजारी ठेवल्या की सारख्या वाटणाऱ्या मशिनांत किती तफावत आहे हेही कळते. मात्र या यादीत जे येत नाही त्यानेच बहुधा घात होतो. पिपने (पायथनच्या स्वतंत्र साधनाने) बसवलेली पायथन पॅकेजे, कंटेनरच्या (सॉफ्टवेअरच्या बंदिस्त संचांच्या) प्रतिमा, ‘यूएसआर लोकल’मध्ये कोणीतरी हाताने टाकलेली बायनरी, आणि एखाद्या कंपनीची वेगळी रिपॉझिटरी (पॅकेजसंग्रह) जोडून घेतलेली पॅकेजे, या सगळ्यांची नोंद स्वतंत्रपणे घ्यावी लागते. स्नॅप हा सॉफ्टवेअर बसवण्याचा दुसरा प्रकार तर विशेष लक्षात ठेवावा: त्याची सेवा स्नॅपडी दिवसातून चार वेळा स्वतःहून नव्या आवृत्त्या पाहते, त्यामुळे साहेबांच्या आदेशाप्रमाणे आपण ॲप्टचे (नेहमीची पॅकेजे आणणाऱ्या साधनाचे) आपोआप अपडेट बंद केले असले तरी स्नॅपमधून आलेली सॉफ्टवेअरे आजही बदलत असणार. ती थांबवायची असतील तर ‘स्नॅप रिफ्रेश’ला होल्ड (रोख) लावावा लागतो.

ऑडिटरच्या अहवालाचे उत्तर या यादीतच आहे. फक्त ती वाचता आली पाहिजे. १ जुलै २०२४ रोजी ओपनएसएसएचमधील एक गंभीर त्रुटी जाहीर झाली, तिचा क्रमांक सीव्हीई-२०२४-६३८७ (सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटींना दिला जाणारा सामायिक क्रमांक). मूळ प्रकल्पाच्या हिशेबाने ८.५पी१ पासून ९.८पी१ च्या आधीपर्यंतच्या आवृत्त्या बाधित होत्या, आणि उबुंटू २२.०४ वर ८.९पी१ असल्यामुळे ऑडिटरच्या स्कॅनरने तो आकडा पाहून लाल शेरा मारला. परंतु उबुंटू किंवा डेबियन स्थिर प्रकाशनात मूळ सॉफ्टवेअरची आवृत्ती सहसा बदलत नाहीत. तेवढीच दुरुस्ती मागे आणून जुन्या आवृत्तीत बसवतात. पुस्तकाची आवृत्ती तीच ठेवून चुकलेले पान तेवढे काढून दुरुस्त पान बांधावे, तसे हे असते. त्या दुरुस्तीची खूण पूर्ण आवृत्ती-क्रमांकाच्या शेपटाला दिसते. २२.०४ साठी दुरुस्त पॅकेज ‘१:८.९पी१-३उबुंटू०.१०’ हे आहे. यात कोलनच्या आधीचा १ हा ‘इपॉक’ (क्रमांकांची पद्धत बदलली तर वाढवायचा आकडा), मधला ८.९पी१ हा मूळ प्रकल्पाचा क्रमांक आणि डॅशनंतरचा भाग वितरणाची स्वतःची दुरुस्ती दाखवतो. २०.०४ वरील ८.२पी१ तर या त्रुटीच्या कक्षेतच नव्हते. ऑडिटरला उत्तर लिहिताना केवळ ‘आम्ही अपडेट केले आहे’ असे लिहू नये. प्रत्येक मशिनवरील पूर्ण क्रमांक, त्रुटीचा सीव्हीई क्रमांक आणि उबुंटूने त्या त्रुटीसाठी प्रसिद्ध केलेली सुरक्षा-सूचना या तिन्ही गोष्टी जोडाव्यात.

येथे एक बारकावा सांगतो, कारण तो अनेकांना फसवतो. ‘०.९’ आणि ‘०.१०’ यांत नवे कोणते? साध्या मजकुराप्रमाणे क्रम लावला तर ०.९ शेवटी जाते, आणि एखाद्याने एक्सेलमध्ये लावलेली यादी ‘०.१०’ ला जुने ठरवून मोकळी होते. डीपीकेजीचे नियम वेगळे आहेत: ते अंकांचे गट संख्या म्हणून वाचते, इपॉक आधी पाहते, आणि क्रमांकात टिल्डे (~) चिन्ह आले तर तो भाग रिकाम्या जागेच्याही आधीचा मानते. म्हणून आवृत्त्यांची तुलना स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्टने न करता ‘डीपीकेजी --कम्पेअर-व्हर्जन्स’ यालाच विचारावी.

शिवाय डिस्कवर नवी आवृत्ती आली म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम नवा झाला असे नव्हे. लायब्ररी बदलली तरी आधीपासून चालू असलेल्या प्रक्रियेच्या स्मृतीत जुनीच असते. कर्नलचेही (लिनक्सच्या गाभ्याचेही) तसेच: ‘युनेम -आर’ जे सांगते ते चालू कर्नल, आणि बसवलेले कर्नल त्याहून नवे असू शकते. ‘नीडरीस्टार्ट’ हे साधन कोणत्या सेवा पुन्हा सुरू करायला हव्यात ते दाखवते, आणि रीबूटची गरज असेल तर उबुंटू ‘रीबूट-रिक्वायर्ड’ नावाची फाइल ‘रन’ फोल्डरात ठेवते. रोजच्या यादीत चालू कर्नल आणि ही खूण असे दोन रकाने आवर्जून वाढवावेत.

यानंतर मुख्य गोष्ट, ती म्हणजे स्वतःचा पॅकेजसंग्रह. आपण सोमवारी दहा मशिनांवर अपग्रेड चालवता आणि गुरुवारी उरलेल्यांवर. आज्ञा तीच असते, तरी परिणाम वेगळा येतो, कारण मधल्या तीन दिवसांत उबुंटूचा संग्रह पुढे सरकलेला असतो. यावर उपाय म्हणून अनेक जण स्क्रिप्टमध्ये अचूक आवृत्ती लिहून ठेवतात. दिसायला हे शिस्तीचे वाटते, पण काही आठवड्यांनी तीच स्क्रिप्ट ‘ही आवृत्ती सापडत नाही’ असे म्हणून थांबते. उबुंटूच्या संग्रहाच्या प्रत्येक कप्प्यात एका पॅकेजची एकच, सर्वांत अलीकडची आवृत्ती राहते. मधल्या आवृत्त्या काढून टाकल्या जातात. म्हणजे जो क्रमांक आपण लिहून ठेवला तो मिळण्याची जागाच उरत नाही. आवृत्ती गोठवायची असेल तर ती देणारा संग्रहही गोठवावा लागतो.

डेबियनचा इतिहास २००५ पासून त्यांच्या स्नॅपशॉट सेवेत उपलब्ध आहे, आणि उबुंटूनेही १ मार्च २०२३ पासूनच्या संग्रहाची अशी सेवा सुरू केली आहे. ठरावीक तारखेचा संग्रह त्यातून मागता येतो. प्रयोगासाठी ते उत्तम आहे. तरीही आपल्यासारख्या ठिकाणी मी ‘ॲप्टली’ हे साधन वापरून स्वतःचा मिरर (संग्रहाची आपल्याकडची प्रत) उभा करण्याचा सल्ला देईन, आणि त्याचे एक कारण अगदी व्यावहारिक आहे. कारखान्याचा आयटी विभाग फायरवॉलमध्ये अनेक बाहेरचे पत्ते उघडून द्यायला नाखूश असतो. आपला एकच पत्ता उघडायला मात्र सहसा तयार होतो. मुंबई विभागातील एका सर्व्हरवर हा मिरर ठेवता येईल. संपूर्ण उबुंटू उतरवून घेण्याची गरज नाही, कारण ॲप्टलीला गाळणी लावून आपल्याला लागणारी पॅकेजे आणि त्यांची अवलंबने (ती चालायला लागणारी इतर पॅकेजे) एवढीच घेता येतात. मिरर ताजा करायचा, त्याचा तारीख घातलेला स्नॅपशॉट (त्या दिवसाची गोठवलेली प्रत) काढायचा, तो आपल्या जीपीजी किल्लीने (डिजिटल सहीच्या गुप्त किल्लीने) सही करून प्रसिद्ध करायचा, आणि मशिने ज्या नावाने तो पाहतात त्या नावामागचा स्नॅपशॉट हवा तेव्हा बदलायचा, असा हा क्रम असतो. त्या सहीच्या किल्लीला कंपनीच्या तिजोरीच्या किल्लीचे महत्त्व द्यावे. ती ज्याच्या हाती पडेल तो आपल्या साठही मशिनांवर काहीही बसवू शकेल.

नावे तीन ठेवावीत: चाचणी, पथदर्शी आणि सर्व. नवा स्नॅपशॉट आधी आपल्या बाणेरच्या ऑफिसातील चाचणी-मशिनांवर जातो, तिथे ॲप्लिकेशनसह दोन-चार दिवस राहतो, मग प्रत्येक कारखान्यातील एका मशिनवर आणि शेवटी सर्वत्र. महत्त्वाचे हे, की तीनही टप्प्यांवर तोच स्नॅपशॉट जातो. चाचणी एका संचाची आणि वापर दुसऱ्याचा असे होत नाही. तातडीची सुरक्षा-दुरुस्ती आली तर पुढच्या फेरीची वाट न पाहता चालू स्नॅपशॉटमध्ये तेवढे एक पॅकेज मिसळून नवा स्नॅपशॉट काढता येतो. पोस्टग्रेसच्या किरकोळ आवृत्त्या साधारणपणे फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर या महिन्यांच्या दुसऱ्या गुरुवारी येतात, त्यामुळे त्या फेऱ्या आधीच कॅलेंडरवर टाकून ग्राहकांना कळवणे शक्य आहे.

एकदा मशिने आपल्याच संग्रहाकडे पाहू लागली की अनअटेंडेड-अपग्रेड्स पुन्हा सुरू करावे. दूरच्या कारखान्यातील मशीन कधी बंद असते, कधी त्याचे सिमकार्डवरचे इंटरनेट गेलेले असते, आणि आपला लूप त्या वेळी त्याला चुकवून पुढे निघून जातो. मशिनने स्वतः येऊन उचलण्याची पद्धत अशा ठिकाणी अधिक भरवशाची आहे. मात्र दोन जागी लक्ष द्यावे. पहिली, सेवेच्या ‘अलाउड-ओरिजिन्स’ या यादीत आपल्या संग्रहाचे ओरिजिन (संग्रहाची ओळख सांगणारे नाव) आणि शाखेचे नाव असलेच पाहिजे. नसेल तर ती कोणतीही चूक न दाखवता ‘अपग्रेड करण्याजोगे काही नाही’ एवढी नोंद करून गप्प बसते आणि महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही. दुसरी, वेळ बदलताना टायमरच्या ओव्हरराइड फाइलीत ‘ऑनकॅलेंडर’ची एक ओळ रिकामी लिहावी आणि तिच्याखाली नवी वेळ लिहावी, ती रिकामी ओळ लिहायची राहून गेली तर जुनी सकाळी सहाची वेळही कायम राहते आणि सेवा दोन्ही वेळी चालते.

वेळ कोणती निवडावी? भोसरी-चाकण पट्ट्यातील बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे गुरुवार हा सोयीचा दिवस वाटतो, आणि आहेही. पण महावितरणची देखभालीची कामेही बहुधा गुरुवारीच निघतात. पॅकेज उलगडत असताना वीज गेली तर डीपीकेजी अर्धवट अवस्थेत अडकते, म्हणून गुरुवारी वीज परत आल्यानंतरची संध्याकाळ धरावी आणि यूपीएसची अवस्था कारखान्याकडून विचारून घ्यावी. त्या टायमरला ‘पर्सिस्टंट’ हा गुणही लावलेला असतो. ठरलेल्या वेळी मशीन बंद असेल तर ते सुरू होताच हुकलेले काम हाती घेते, म्हणजे गुरुवारचे काम शुक्रवारी पहिल्या पाळीत सुरू होऊ शकते. कारखान्यातील मशिनांवर हा गुण मी काढून टाकला असता.

होल्ड आणि पिन यांचा वापर जपून करावा. ‘ॲप्ट-मार्क होल्ड’ने पॅकेज जागच्या जागी थांबते, आणि पिनच्या प्राधान्याने कोणत्या संग्रहाला मान द्यायचा ते ठरते: साधारण संग्रहाला ५००, लक्ष्य म्हणून नेमलेल्या प्रकाशनाला ९९०, आणि १००० च्या वर गेले तर ॲप्ट आवृत्ती मागे न्यायलाही तयार होते. होल्डची अडचण अशी, की तो लावणारा विसरतो आणि पुढच्याला ठाऊकच नसते. प्रत्येक होल्डसोबत कारण, लावणाऱ्याचे नाव आणि तो काढण्याची तारीख गिटमध्ये लिहावी, आणि ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’चे उत्तर रोजच्या यादीत घ्यावे. ज्या होल्डला कारण लिहिलेले नाही तो काढून टाकावा.

लॅपटॉपवरील लूपच्या जागी ॲन्सिबल (अनेक मशिनांवर ठरलेले काम करून घेणारे साधन) आणावे. त्याला समोरच्या मशिनवर एसएसएच आणि पायथन याखेरीज काही बसवावे लागत नाही, आणि आपल्या तुकडीला ते लवकर आत्मसात होईल. पपेट किंवा सॉल्ट ही तशीच साधने वाईट आहेत असे नाही, पण साठ मशिनांसाठी आणखी एक कायमची सेवा सांभाळण्याचे ओझे मला योग्य वाटत नाही. आपला लूप तेविसाव्या मशिनवर अडखळला तर पुढे काय झाले हे स्क्रीनवरून सरकून गेलेले असते. ॲन्सिबल प्रत्येक मशिनचा निकाल वेगळा सांगते, ‘सीरियल’ने एका वेळी ठरावीक मशिनेच हाती घेते आणि अपयशांची मर्यादा ओलांडली की थांबते. पॅकेजसाठी ‘लेटेस्ट’ हा शब्द प्लेबुकमध्ये (ॲन्सिबलच्या कामांच्या फाइलीत) लिहायला एरवी माझा विरोध असतो. मात्र मशीन आपल्याच गोठवलेल्या संग्रहाकडे पाहत असेल तर त्या शब्दाचा अर्थ ‘आपण मान्य केलेले सर्वांत नवे’ एवढाच उरतो आणि तो निर्धोक होतो.

हाताने अपग्रेड करण्याची वेळ येईलच, तेव्हा ते टीमक्समध्येच (जोडणी तुटली तरी सत्र चालू ठेवणाऱ्या साधनात) करावे. एरवी रांजणगावच्या मोबाइल नेटवर्कवर जोडणी तुटली आणि सत्र मरण पावले तर अर्धवट राहिलेले काम ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ने पूर्ण करता येते, पण तोवर सेवा कोणत्या अवस्थेत आहे हे सांगता येत नाही. कॉन्फिगरेशनची फाइल बदलावी का, हा प्रश्न पॅकेज विचारते आणि स्क्रिप्ट उत्तराची वाट पाहत अडकते, उबुंटू २२.०४ वर नीडरीस्टार्टचा प्रश्नही असाच अडवतो. त्यासाठी ‘कॉन्फडेफ’ आणि ‘कॉन्फओल्ड’ हे पर्याय (ठरलेले उत्तर असेल तर ते, नाहीतर आपली जुनी फाइल ठेवणे) आणि प्रश्न न विचारण्याची सेटिंगे आधीच द्यावीत, आणि नंतर ‘डीपीकेजी-डिस्ट’ शेपूट असलेल्या फाइली शोधून त्यांतील नवे बदल पाहावेत. एसएसएचची सेवा पुन्हा सुरू करण्यापूर्वी ‘एसएसएचडी -टी’ने कॉन्फिगरेशन तपासावे आणि दुसरे सत्र उघडे ठेवावे. ‘बूट’ विभागात जागा आहे का हेही पाहावे, कारण जुन्या कर्नलांनी तो भरला की नवे कर्नल अर्धवट बसते आणि मशीन रीबूटनंतर उठत नाही. चाकणला जाऊन ते उठवण्यात अख्खा दिवस जातो.

मागे जाण्याबाबत फार भरवसा ठेवू नये. डेबियन कुटुंबात आवृत्ती खाली उतरवणे हा अधिकृतपणे पाठबळ असलेला मार्ग नाही. कधी जमते, कधी डेटा नव्या स्वरूपात गेलेला असतो आणि जुना प्रोग्रॅम तो वाचत नाही. क्लाउडवर आधी डिस्कचा स्नॅपशॉट घ्यावा, कारखान्यात डेटाबेसचा बॅकअप घ्यावा. आपल्या ॲप्टलीत मागचा स्नॅपशॉट जपून ठेवलेला असल्यामुळे एखादे पॅकेज मागे न्यायची वेळ आलीच, तर निदान ते मिळेल तरी.

राहता राहिली ती जुनी मशिने. उबुंटू २०.०४ चा पाच वर्षांचा नेहमीचा पाठिंबा मे २०२५ मध्ये संपला. उबुंटू प्रो (वाढीव पाठिंब्याची योजना) घेतले तर तो दहा वर्षांपर्यंत वाढतो, आणि तेवढ्या काळात २२.०४ किंवा २४.०४ वर जाण्याचे वेळापत्रक आखता येईल. सेंटओएस ७ चा पाठिंबा ३० जून २०२४ लाच संपला आहे, त्यामुळे तिथे व्यवस्थापन करण्याजोगी नवी आवृत्ती येतच नाही. ॲन्सिबलचा गाभा २.१७ पासून समोरच्या मशिनवर पायथन ३.७ किंवा त्याहून नवे मागतो आणि सेंटओएस ७ वर मुळात २.७ असते, म्हणून या दोन मशिनांसाठी २.१६ वेगळे ठेवावे लागेल. त्यांना आजच बाकीच्या नेटवर्कपासून वेगळे करून फक्त आपल्या पत्त्यावरून एसएसएच उघडे ठेवावे, ‘आरपीएम -क्यूए’ची यादी आणि त्यांवर चालणाऱ्या सेवांची नोंद काढावी, आणि ती यादी पाहून तेच काम डेबियन १२ वर उभे करता येते का हे एका रिकाम्या मशिनवर पडताळावे. साहेबांकडे जाताना अपडेट पुन्हा सुरू करण्याच्या परवानगीबरोबरच या दोन मशिनांच्या बदलीचा खर्चही मांडावा. ऑडिटरच्या पुढच्या अहवालात त्यांची नावे येणार आहेत, आणि तेव्हा ओपनएसएसएचसारखे समाधानकारक उत्तर आपल्याकडे नसेल.